क्योतोतलं खोड

जपानी माणसाला गुडघे नसावेत. असते तर सत्तरी ओलांडलेल्या बाई तातामीच्या चटईवर वज्रासनात बसून आम्हाला तांदूळ धुण्याचं शास्त्र तासभर कशा शिकवत्या? माझे गुडघे दहाव्या मिनिटाला परके झाले.

क्योतोत या बाईंच्या घरी बसून सहकुटुंब जपानी स्वयंपाक शिकायचा, ही बायकोची हौस. सकाळी फुशिमी इनारी मंदिराच्या हजारो लाल कमानींखालून चढलो होतो. त्याबद्दल अधिक माहिती माझ्या पोटऱ्या देतील. बुकिंग करताना ‘आत्या शाकाहारी, अंडं चालतं’ असं ठळक कळवलं होतं. मधल्या दलालाने पुढे बहुधा ‘भारतीय, पाच नग’ एवढंच पोचवलं. संताप संताप झाला. पण बायकोने दारातच सांगितल्यावर बाईंनी माशाचं सगळं बाजूला सारलं आणि मिसो सूपसाठी बौद्ध मठांत करतात तसं, बिनमाशाचं, कोंबू या समुद्री शेवाळाचं पाणी काढलं. याच कोंबूच्या चवीला टोकियोच्या रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये ‘उमामी’ म्हटलं. आत्याने म्हटलं, “हिंग विसरलेली आमटी.”

पोरं चौकोनी तव्यावर अंड्याची सुरळी वळत होती. आत्या कप्पे-फळ्या तपासत होती. एका लाकडी पेटीशेजारी तिला तपकिरी, कोरडंठाक, टकटक वाजणारं खोड सापडलं.

“अगंबाई, चंदन!” म्हणून तिने ते कपाळाला लावलं.

तो मासा होता. कात्सुओबुशी. बोनिटो उकडून, काटे काढून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन, वर बुरशी चढवून उन्हात ठेवतात. महिनोन्महिने हे केलं की माशाचं लाकूड होतं. मग सुताराकडे असतो तसल्या रंध्यावर त्याचा कीस काढायचा; पेटीत रंधाच होता.

आत्याला अडवायला मी उठलो. पाय बधिर. तोल सावरायला सरकत्या कागदी दाराला धरलं, तर दार खाचेतून निघून माझ्यासकट पलीकडच्या खोलीत आडवं झालं. तिथे बाईंचं देवघर. दिवंगत यजमानांचा फोटो, वाटीत भात, उदबत्ती.

आत्या मला ओलांडून गेली. तीही नवऱ्यामागे एकटीच राहणारी. फोटोपुढे तिने हात जोडले आणि ते ‘चंदन’ अलगद ठेवलं.

बौद्ध देवघरात मासा! मी जमिनीवरूनच माफी मागू लागलो. बाई तोंडावर हात धरून हसत होत्या, हसता हसता डोळे पुसत होत्या. तुटक इंग्रजीत म्हणाल्या, “त्यांना हेच सगळ्यात आवडायचं. इथे ठेवत नाहीत म्हणून मी कधी ठेवलं नाही.” आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.

“काय म्हणतायत रे त्या?” आत्याने विचारलं.

“म्हणाल्या, यजमानांना चंदन फार आवडायचं.”

“पण बाबा, तो तर...” धाकट्याने सुरुवात केली. मी त्याच्या तोंडात अंड्याची अख्खी सुरळी कोंबली.