खोक्यावरचं वाङ्मय

डिस्क प्लेअरच्या खोक्यांवरचा मजकूर जपून ठेवावा. मराठीत अद्भुतरम्य साहित्य तसंही कमीच. पुढे ठळक अक्षरांत ‘३००० वॉट पीएमपीओ’, मागच्या पट्टीवर बारीक ‘वीजवापर ४० वॉट’. उरलेले २९६० कुठून येतात, हे महावितरणने एकदा विचारून घ्यावं. ‘५.१’ आवाजातला तो पॉइंट एक म्हणजे सबवूफर, खोलीतला सगळ्यात मोठा डबा.

‘अपस्केलिंग’ तर शुद्ध प्रतिभा! डीव्हीडीच्या पाल चित्रात ७२० बाय ५७६, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाख ठिपके. फुल एचडी पडद्याला हवेत वीस लाखांवर. मधले सोळा लाख यंत्र शेजाऱ्यांकडे बघून अंदाजपंचे भरतं, आणि आपण म्हणतो, काय स्पष्ट दिसतंय!

रीजन कोडचा थाट वेगळाच. अमेरिका १, जपान २, भारत ५. न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेली डीव्हीडी इथला प्लेअर व्हिसा नसल्यासारखी परतवायचा. (स्वस्तातले कित्येक प्लेअर मात्र रिमोटवर ठरावीक आकडे दाबताच कुठल्याही देशाची चकती निमूट गिळत.)

आता पुन्हा वॉटकडे: खोक्यावरच्या पीएमपीओला कसलंही प्रमाण नाही. दुकानात आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॉट, किती, एवढंच विचारा. विक्रेत्याने उत्तराऐवजी आवाज वाढवून दाखवला, तर पुढचं दुकान गाठा.