बिबवेवाडीत बसून पाणबुड्यांचा रेग्युलेटर कसा जुळवावा

पूर्वतयारी
पुण्यातल्या बिबवेवाडीतून निघालात की घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही. ही अडचण नव्हे, सोय आहे. समुद्र दारात असला की लोक बुड्या मारतात, रेग्युलेटर खोलत बसत नाहीत. या छंदाला एक टेबल, भरपूर उजेड आणि ‘पण याचं करणार काय?’ हा प्रश्न न ऐकल्यासारखं करायची सवय, एवढंच लागतं.

पायरी १ : खरेदी
सुरुवात दोन नळ्यांच्या ‘मिस्त्राल’ने करावी. १९५५ सालचं हे फ्रेंच मॉडेल. मानेमागे टाकीवर बसणारी गोल पितळी डबी, एका नळीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर. टाकीतल्या हवेचा दाब एकाच टप्प्यात उतरतो, त्यामुळे सुटे भाग मोजके. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जरूर जा, पण पान्हे आणायला. तिथे स्टोव्ह, पंप, गेज दिसतील. मिस्त्रालची आशा धरू नका. तो परदेशातल्या भाच्याकडून मागवायचा. सामान चेक-इन करायला सांगा. पितळी डबी, स्प्रिंग आणि दोन रबरी नळ्या ही काय भानगड आहे, हे सुरक्षा तपासणीत पटवून देईपर्यंत त्याचं विमान सुटेल.

पायरी २ : इतिहास
पाहुण्यांसाठी एवढा पाठ असावा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यॉं या इंजिनिअरने एक व्हॉल्व्ह केला होता. १९४३ साली नौदलातल्या जाक कूस्तोसाठी त्याने तोच पाणबुड्याला जुळवून घेतला. मार्न नदीत चाचणी झाली. कूस्तो आडवा पोहत होता तोवर ठीक; उभा राहिला की हवा भसाभसा वाया जायची. उच्छ्वासाचं तोंड डबीतल्या रबरी पडद्यापेक्षा वर जात होतं, तिथे पाण्याचा दाब कमी. दोन्ही शेजारी-शेजारी आणले आणि काम फत्ते. पाहुणे अजून बसलेले असतील तर डबी उघडून दाखवा.

पायरी ३ : खोलणे
टेबलावर पांढरा फडका अंथरा. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्या. स्प्रिंग उडाली तर ती फ्रिजखालीच गेली असणार, दुसरीकडे शोधू नका. आतलं पितळ कळकलेलं, हिरवं झालेलं निघेल. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पाच मिनिटं बुडवा, मऊ टूथब्रशने घासा, स्वच्छ धुवा. घरातून चिंच-मिठाचा आग्रह होईल. मान डोलवा, पण राख-चिंचेचा हात डबीला लागू देऊ नका. वरचा क्रोमचा मुलामा निघाला की परत येत नाही.

पायरी ४ : रबर
जुनं रबर सगळं काढून टाका, भावनेला थारा नको. ओ-रिंग रविवार पेठेत माप दाखवून मिळेल. पडदा मात्र सिलिकॉनचा मागवावा लागेल. वंगण म्हणून फक्त सिलिकॉन ग्रीस. खोबरेल, शिलाई मशिनचं तेल, स्कूटरचं ऑइल, काही नाही. साधं तेल रबर खातं, आणि जास्त दाबाच्या हवेत पेटूही शकतं.

पायरी ५ : चाचणी
हवा आत यायची वाट बोटाने बंद करा, माउथपीस दातांत धरा आणि श्वास ओढा. काहीच यायला नको. गाल आत गेले पाहिजेत. हवा आली तर पडदा, नळी किंवा उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह गळतोय. ही चाचणी गॅलरीत करू नका. समोरच्या इमारतीतून कुणीतरी १०८ ला फोन लावेल.

पायरी ६ : टाकी
घेऊ नका. मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाब असतो, टाकीत २००. अशा सिलिंडरचे नियम नागपूरच्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेकडे आहेत, ठरावीक काळाने पाण्याच्या दाबाची तपासणीही लागते. तारकर्लीच्या समुद्रावर जाऊन ‘माझ्या रेग्युलेटरवर उतरू द्या’ म्हणालात तर कोणताही शहाणा प्रशिक्षक नाही म्हणेल. वाद घालू नका.

पायरी ७ : दुसरा मिस्त्राल
सुट्या भागांसाठी दुसरा मागवा. तो पहिल्यापेक्षा चांगला निघेल, खोलायला जीव होणार नाही. मग दोघांच्या सुट्या भागांसाठी तिसरा. भाच्याला परत पायरी १ वाचायला द्या.