बैलानं खाल्लेली बैलगाडी

1958 च्या जानेवारीत डेन्मार्कमध्ये लेगोच्या विटेचं पेटंट नोंदवलं गेलं. पुढच्या वर्षी मार्चात अमेरिकेत बार्बी बाजारात आली. आमच्या जेऊर गावाला यातली एकही बातमी पोचली नाही. दोन्ही वेळा आमच्याकडं ज्वारीची सुगी चालू होती, म्हणजे आमचा खेळण्यांचा कारखाना ऐन भरात होता.

मालदांडीचं वाळलेलं ताट घ्यायचं, दातानं साल सोलायची, आतलं पांढरं भेंड वेगळं काढायचं. भेंडाचे तुकडे करून त्यांत सालीच्या काड्या खुपसायच्या. खिळा नको, डिंक नको. जू, शिवळा आणि आऱ्यांच्या चाकांसकट बैलगाडी तयार. साल पात्यासारखी धारदार असते, ओठ कापायचा. पण घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरची माणसं ओठाआधी कडब्याची पेंडी तपासत. गाडीला जुंपायला मातीचे बैल, पोळ्याला केलेले, एव्हाना शिंगं मोडून म्हशीसारखे शांत झालेले.

या खेळण्यात खोट एकच, ते चारा होतं. रात्री गाडी गोठ्यात विसरली की सकाळी तेवढे मातीचे बैल शिल्लक. ज्या बैलाला जन्मभर गाडी ओढावी लागली, त्यानं पहिली संधी मिळताच ती चावून खाल्ली, याला मी तरी भूक म्हणणार नाही. आम्ही भोकाड पसरलं की आजा म्हणायचा, "गप रं. पेंडीतलं ताट, बैलाच्या पोटात गेलं. बरोबर ठिकाणी गेलं." पुढं 1972 च्या दुष्काळात तर कडब्याच्या गंजीजवळ पोराला फिरकूच देत नसत.

मुलींची बाहुली चिंध्यांची. ती बैल खात नसे, पण जुनी झाली की सुटी होऊन गोधडीत शिवली जायची. म्हणजे बहिणींची अख्खी बाहुल्यांची वरात आम्ही अंगाखाली घेऊन झोपलोय.

खेळण्यातली आगगाडी मात्र गावात कुणाकडंच नव्हती. इंग्लंडात हॉर्नबीच्या गाड्या दिवाणखान्यात गोल फिरत असतील. सोलापूरला 1860 साली जे रूळ पोचले ते जेऊरवरूनच, म्हणजे आमच्याकडं खरीच होती. शिवाय ती कामालाही यायची. बाटलीचं पत्र्याचं बूच रुळावर ठेवायचं, पॅसेंजर गेली की चपटी चकती उचलायची. दोन भोकं पाडून दोरा ओवला की घूं घूं करणारी भिंगरी! हे कुणी करू नये. तेव्हाही पोर्टर हेच सांगायचा, फक्त आमच्या सात पिढ्यांचा उल्लेख करून.

अलीकडं जुन्या खेळण्यांना भाव आलाय. पत्र्याची मोटार, चावीचं माकड यांच्यासाठी लोक पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करतात. तिथल्याच केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि वज्र्यासुद्धा मानानं काचेआड बसल्यात. मध्यंतरी असाच एक तरुण संग्राहक गाव शोधत आला. त्याला पन्नास-साठच्या दशकातलं अस्सल ग्रामीण खेळणं पाहिजे होतं. म्हटलं, "होतं की. बैलानं खाल्लं."

त्यानं ते वहीत नीट लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "काका, त्या बैलाचा एखादा फोटो असेल का?"