गोधडीचं अग्निप्रदीपन

आमच्या नगर जिल्ह्यात उद्योग म्हटला की धुराडं दिसावं लागतं. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि इथल्या माणसाच्या डोक्यात उद्योगाचं चित्र कायमचं पक्कं झालं: चेअरमन, संचालक मंडळ, वजनकाटा, मळीचा वास आणि बॉयलरचं अग्निप्रदीपन. त्यामुळे पाथर्डीकडच्या आमच्या नानीने, म्हणजे मोठ्या चुलतीने, गोधड्या शिवून विकायचं ठरवलं तेव्हा घरातल्या पुरुष मंडळींनी पहिला प्रश्न विचारला, "चेअरमन कोण?"

नानीने सुईत दोरा ओवला. अग्निप्रदीपन उरकलं.

तोवर नानीच्या गोधड्यांचं कौतुक करण्यात आमची भावकी कधी कमी पडली नव्हती. बाळंतीण घरी आली की नानीची गोधडी. पोरगं शिकायला पुण्याला निघालं की नानीची गोधडी. शेजारपाजारचे ऊसतोडीला निघाले की बैलगाडीत कोयत्याशेजारी नानीची गोधडी, कारण कोपीत थंडी कोयत्याहून जास्त कापते. आणि गोधडी शिवणं म्हणजे काय बसल्या बसल्याचा चाळा नव्हे. सारवलेल्या जमिनीवर लुगडं ताणायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मधे विरलेली धोतरं आणि चिंध्या अशा अंथरायच्या की कुठे गठुळं होऊ नये. वरून दुसरं लुगडं. मग कडेने निघालेला धावदोरा घरभर फिरून आल्यासारखा फेरे घेत घेत मध्याला जायचा. टाका वाकडा पडला तर नानी उसवते. माणूस वाकडा बोलला तरी तेच करते.

भावाचा प्रश्न निघाला आणि कौतुक आटलं.

"जुन्या लुगड्यांचे कसले पैसे?" एक दीर म्हणाले. "घरात बसूनच तर शिवायचं," दुसऱ्यांनी भर घातली. तिसऱ्यांनी तर गळाच काढला, "वहिनी, गोधडी म्हणजे माया. माया कुठं विकत्यात का?" या तिसऱ्या दिरांच्या घरी नानीच्या गोधड्यांची चवड माळ्यापर्यंत गेलेली आहे. मायेची भाषा फुकट नेणाऱ्यालाच इतकी सुरेख जमते, हे माझं जुनं निरीक्षण. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जतचे पापड लाटायला घेतले, तेव्हा त्यांच्या गच्चीवर असा एखादा दीर नसावा. असता तर पापड सुकण्याआधी माया आडवी आली असती.

मग पुण्याहून पुतण्या आला. त्याने लॅपटॉप उघडून नानीच्या प्रत्येक टाक्याचा हिशेब मांडला आणि बराच वेळ गप्प बसला. "नानी, हे रोजगार हमीच्याही खाली जातंय."

"ते मला ठावं हाय," नानी म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. तवा रोज मिळायचा, वर सुकडी मिळायची. हितं सुकडी बी न्हाई."

पुतण्याने सुकडीचा रकाना वाढवून भाव काढला. भाव ऐकून तिसऱ्या दिरांना ठसका लागला.

परंपरेतून पैसा काढण्यात आपला जिल्हा मागे, असं मात्र कुणी म्हणू नये. फक्त आपण ते बाहेर जाऊन करतो. अहिल्याबाई होळकर 1725 साली जन्मल्या आमच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत आणि विणकर नेऊन वसवले महेश्वरला. तिथल्या किल्ल्याच्या भिंतीवरच्या नक्ष्या साडीच्या काठावर उतरल्या आणि आज महेश्वरी साडी म्हटल्यावर बायका किंमत न विचारता पदर उलगडतात. नानीला हे सांगितलं तर तिचा एकच सवाल, "त्यांच्या दिरांनी न्हाई का इचारलं काही?"

जिल्ह्यात राहूनही जमतं हे पटवायला मी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं उदाहरण दिलं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घरातच गावठी बियाणांची बँक उभी केली. वाल-घेवड्याचे कितीतरी वाण मडक्यांत, राखेत जपले आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून बियाणं नेलं की पीक आल्यावर दुप्पट परत करायचं, अशी रीत. दुप्पट म्हटल्यावर नानीचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवसापासून तिने भावकीला नियम लावला: फुकट गोधडी न्यायची तर खुशाल न्या, दिवाळीला दोन शिवून आणा. तेव्हापासून फुकट मागायला कुणी फिरकलं नाही. तिसरे दीर वाट वाकडी करून मारुतीच्या मागून जातात.

गिऱ्हाईक बाहेरचंच शोधायचं होतं. पुतण्या म्हणाला, शहरातल्या लोकांना नुसती वस्तू नको असते, वस्तूमागची गोष्ट हवी असते. प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी लावू. चिठ्ठीवर पत्ता काय छापायचा यावर घरात दोन तट पडले, कारण 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि जुनी माणसं अजून अहमदनगर म्हणतात. नानीने "नगर" एवढंच छापायला सांगितलं. शाई वाचली आणि दोन्ही तट घरी गेले.

गोष्ट मात्र तिने सांगितली आणि पुतण्याने जशीच्या तशी उतरवली. पहिल्या गोधडीची चिठ्ठी अशी: "हिरवा तुकडा सासूबाईंच्या भिंगारच्या लुगड्याचा. बाई करारी, पण ताकात पाणी घालायच्या. निळा तुकडा धाकट्या जावेचा. तिने माझी जोंधळ्याची पाटी नेली ती आजवर आणून दिली नाही." पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोटो पाहून फोन केला की पाटीचं पुढे काय झालं ते कळवा, मग ऑर्डरचं बघू.

पुढचं आम्हालाही कळायचं होतं. ते आठवड्याच्या बाजारी कळलं. फोटो फिरत फिरत धाकट्या जावेच्या नातवाच्या मोबाइलवर पोचला होता, आणि ती बाई बगलेत लुगड्यांचं गाठोडं मारून थेट आमच्या ओट्यावर.

"ही घे मपली लुगडी," ती कडाडली. "ह्याची गोधडी शिव. अन् चिठ्ठीवर मी सांगंन तेच ल्ह्यायचं. पाटी म्या दिली व्हती. तुपल्या नवऱ्याच्या हातात दिली व्हती!"

नानीने एकेक लुगडं उलगडून उजेडाला धरलं, पोत चोळून पाहिला आणि पुतण्याने काढलेला भाव सांगितला. जाऊबाईंनी कनवटीची पिशवी सोडली आणि घासाघीस न करता नोटा मोजल्या. भावकीतून आलेले ते पहिले पैसे.

"अन् चिठ्ठीचं?" त्यांनी विचारलं.

"लिहू की," नानी म्हणाली. "त्याचं निराळं पडंल."