सिंकराव

हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही आयटी कंपनीत जा. एकच कोड दोन टीम मिळून लिहीत असतील, तर तिथे एक सिंकराव सापडतोच. एचआरच्या यादीत तो ‘सीनिअर टूल्स इंजिनिअर’ असतो, पण त्याला ओळखायचं ते दोन मॉनिटरांवरून. डावीकडे गेरिट, उजवीकडे गिटहब, आणि मधे हा, अर्धा कप गार चहा घेऊन.

दोन टूल कशाला, असं त्याला विचारू नये. विचारलंच, तर निदान खुर्ची ओढून घ्यावी. क्लायंटची तिकडची जुनी मंडळी गेरिट सोडायला तयार नाहीत, इकडची पोरं कॉलेजपासून गिटहबवर वाढलेली, आणि रेपो मात्र सामाईक. मग तो मुळापासून सुरुवात करतो. पायथनवाल्या गिडो व्हान रॉसम यांनी रीटव्हेल्ड नावाचं रिव्ह्यू टूल केलं, त्यातून गूगलच्या शॉन पिअर्सने अँड्रॉइडसाठी गेरिट काढलं, आणि ही दोन्ही नावं गेरिट रीटव्हेल्ड या एकाच डच वास्तुविशारदाची. “त्याची ती लाल-निळी खुर्ची बघितलीय का? नुसत्या सरळ फळ्या. गादी नाही, काही नाही.” मग गेरिटच्या स्क्रीनकडे बोट दाखवून तो गप्प बसतो.

त्याचा खरा जीव अडकलाय तो दोन्हीकडच्या रीतिरिवाजांत. गेरिटमध्ये एक कमिट म्हणजे एक रिव्ह्यू. कमिटच्या तळाशी चेंज-आयडी हवा, म्हणजे एक ‘आय’ आणि पुढे चाळीस अक्षरं-आकडे. तो नसेल तर दारातूनच परत. दुरुस्ती करायची तर त्याच कमिटमध्ये करून नवा पॅचसेट चढवायचा. गिटहबवर असलं सोवळं नाही. तिथे पोरगा ब्रँचवर सात कमिट टाकतो: ‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘आता नक्की फिक्स’. सिंकरावचा बॉट ते सातही कुस्करून त्यांचा एक करतो, तळाशी चेंज-आयडी चिकटवतो आणि तिकडे पाठवतो.

“दादा, माझे सात कमिट गेले कुठे?”

“आहेत रे, एकात आहेत सगळे.”

“पण माझा पुल रिक्वेस्ट ‘क्लोज्ड’ दाखवतोय. लाल! मर्ज झाला तर जांभळा होतो ना?”

इथे सिंकराव गो भाषेचा दाखला काढतो. गोचा प्रोजेक्टही गेरिटवरच चालतो. गिटहबवर आलेला पुल रिक्वेस्ट त्यांचा बॉट गेरिटमध्ये नेतो, इथे उत्तरं देऊ नका, तिकडे या, असं बजावतो, आणि बदल तिकडे मर्ज झाला की इकडचा पुल रिक्वेस्ट नुसता बंद करतो. “गोमध्ये कोड गेलेल्यांनाही लालच मिळतो. तू कोण लागून गेलास?” पोरगा गप्प होतो. समाधान होत नाही, पण गप्प होतो.

मतांचा मामला जास्त नाजूक. गेरिटमध्ये उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत मतं देता येतात, आणि अधिक दोन मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. मॅनेजर म्हणाले, “दोघांनी अधिक एक दिलाय ना? एक आणि एक दोन. कर मर्ज.”

“सर, ही बेरीज नाही. हा मान आहे.”

गिटहबच्या हिरव्या टिकेला तिकडे किती किंमत द्यायची, हे सिंकरावनेच ठरवलं: अधिक एक. त्यावर इकडचा टीम लीड आठवडाभर त्याच्याशी फक्त ईमेलवर बोलत होता.

आणि ती रात्र. जुने पुणेकर पानशेत सांगतात तसा तो ती रात्र सांगतो. आधी सगळं कसं शांत होतं, इथपासून. बॉटला नुकतंच कॉमेंट वाहून न्यायला शिकवलं होतं. तिकडच्या कुणीतरी गेरिटवर लिहिलं, ‘इथे एक स्पेस जास्त आहे.’ बॉटने ते गिटहबवर नेलं. गिटहबने कळवलं, नवी कॉमेंट आली. बॉटने ती इमानेइतबारे गेरिटवर नेली. गेरिट म्हणालं, नवी कॉमेंट आली. सकाळी, जिने ती स्पेस टाकली होती त्या मुलीचा इनबॉक्स त्या एका वाक्याने काठोकाठ भरला होता, आणि खाली तिचं उत्तर होतं, ‘काढली हो, काढली!’ तेही बॉटने दोन्हीकडे फिरवायला घेतलं होतं. स्वतःचीच कॉमेंट आली तर सोडून दे, एवढी एक अट घालायची राहिली होती.

माझ्या मते यंत्रांचं जुळवणं हे त्याच्या कामातलं सोपं काम. तिकडचा रिव्ह्यूअर नुसतं ‘का?’ असं लिहितो. तिकडे तो साधा प्रश्न असतो. इकडे तो वाचून लीड अर्धा दिवस धुमसतो आणि चार परिच्छेदांचं उत्तर लिहायला घेतो. ते पोस्ट व्हायच्या आत सिंकराव त्याला कँटीनला नेतो. “अहो, त्याला खरंच माहीत नाहीये, म्हणून विचारलंय.” परत येऊन लीड दोन ओळी लिहितो. याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये होत नाही.

परवा वरून फर्मान आलं: खर्च फार होतोय, एकच टूल ठेवा, गेरिट बंद. आम्हाला वाटलं, हा कोसळणार. मीटिंगमध्ये तो सगळ्यात आधी “उत्तम निर्णय” म्हणाला. मग वहीत काहीतरी खरडत खाली मान घालूनच विचारलं, “जुन्या रिव्ह्यूंचं काय करायचं? २०२३ मध्ये एलएलव्हीएमवाले फॅब्रिकेटर सोडून गिटहबवर आले, पण जुने रिव्ह्यू त्यांनी वाचण्यापुरते जपून ठेवले. आपल्याकडे ऑडिटवाले उद्या विचारतील, ही ओळ कुणी पास केली?”

ऑडिट म्हटल्यावर मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं की गेरिट नुसतं वाचण्यापुरतं ठेवायचं, गिटहबवरच्या नव्या रिव्ह्यूंची एक प्रत रोज रात्री तिथे जमा करायची, आणि हे सगळं बघायला सिंकरावला एक ज्युनिअर द्यायचा.

ज्युनिअर सोमवारपासून येतोय. त्याच्यासाठी दोन मॉनिटर मागवलेत.