सहीवरून स्वभाव

सेवा क्लबाच्या सभेला वक्ता मिळेनासा झाला की हस्ताक्षरतज्ज्ञ हमखास मिळतो. शाल-श्रीफळ उरकले की मुद्द्याची गोष्ट सुरू: इंग्रजी ‘टी’ची आडवी रेघ वर असेल तर महत्त्वाकांक्षा, सही वर चढत गेली तर आशावाद. देवनागरीत सगळ्यांचीच रेघ डोक्यावर, म्हणजे आपण जन्मजात महत्त्वाकांक्षी! खजिनदारांच्या सहीत तज्ज्ञांना ‘उपजत नेतृत्व’ दिसले. मानधनाचा चेक त्याच सहीने निघणार होता, हा आपला योगायोग.

या विद्येचे बारसे एकोणिसाव्या शतकात मिशों नावाच्या फ्रेंच पाद्र्याने केले. १९९२ साली जेफ्री डीन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अक्षरावरून स्वभाव ओळखण्याचा दावा कामापुरताही टिकला नाही. पण सभेत हे विचारायचे कोणी? आभारप्रदर्शन लांबलेले असते आणि बाहेर बटाटेवडे गार होत असतात.

रोटरीच्या चार प्रश्नांच्या कसोटीत पहिलाच प्रश्न आहे, ‘हे सत्य आहे का?’ मंडळी, पुढच्या वक्त्याला माइक देण्याआधी तो एकदा विचारा. वडे नंतर गरम करता येतात.