ओल्बियाचे सुटे मासे

काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या युक्रेनमध्ये, दक्षिण बुग नदी समुद्राला मिळायच्या बेतात असते, त्या तीरावर ओल्बिया नावाचं ग्रीक शहर होतं. मिलेटसहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. इतर ग्रीक शहरं गोल नाणी पाडण्यात गुंतली होती, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकात या मंडळींनी ब्राँझचे चिमुकले डॉल्फिन ओतले आणि तेच पैसे म्हणून चालवले. डॉल्फिन हा मासा नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. पण एकदा ब्राँझमध्ये उतरल्यावर सस्तन काय नि मासा काय! अपोलो देवाला डॉल्फिन प्रिय, म्हणून हा आकार आला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. मला मात्र तिथला मासळीबाजार दिसू लागतो. ब्राँझचा मासा द्यायचा आणि ओला मासा घ्यायचा. दोघेही आपणच फायद्यात आहोत अशा समजुतीत घरी जात असणार. एकाचा नासणारा नाही, दुसऱ्याचा निदान कालवणात घालता येणारा.

यातला एखादा डॉल्फिन जवळून पाहावा. पाठीवर पंखाचा उंचवटा, डोळ्याच्या जागी ठिपका, आणि टोकाला साच्यातून तोडून घेताना राहिलेला खुंट, नाळ कापल्याची खूणच जणू. काहींच्या अंगावर ‘आरिखो’ अशी अक्षरं आहेत. ते कुणाचं नाव असावं, असा एक तर्क आहे. असेल, तर अडीच हजार वर्षं माशाच्या कुशीवर टिकून राहण्याचं भाग्य फार थोड्या नावांना लाभलं.

सोन्याचं नाणं परदेशी जाऊन नाव काढणाऱ्या थोरल्यासारखं असतं. ब्राँझचं नाणं घरी राहून दळण आणणाऱ्या धाकट्यासारखं. वेशीबाहेर त्याला कोण विचारणार? त्याची किंमत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून मानायची. ओल्बियानं तर पुढे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, तसा ठरावच केला: शहरातले सगळे व्यवहार शहराच्याच ब्राँझ आणि चांदीच्या नाण्यांत व्हावेत. सोनं-चांदी बदलून घ्यायची, तर सभास्थानातल्या ठरल्या दगडापाशीच. नियम मोडला तर विकणाऱ्याचा माल जप्त आणि घेणाऱ्याचे पैसे जप्त. अशी समदृष्टी कायद्यात क्वचितच आढळते.

स्किलीस हा शेजारच्या सिथियन टोळ्यांचा राजा या गावाच्या प्रेमात पडला होता, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. सैन्य वेशीबाहेर ठेवून तो एकटा आत येई, दरवाजे लावून घेई, ग्रीक वस्त्रं नेसून महिना-महिना राही. बाजारात हिंडताना त्याच्या कमरेलाही ते डॉल्फिन किणकिणले असतील. पुढे बाक्खस या ग्रीक मद्यदेवाच्या मिरवणुकीत त्याच्याच माणसांनी त्याला पाहिलं, आणि अखेर भावानंच त्याचं डोकं उडवलं. एवढ्यासाठी!

अलेक्झांडरचा सरदार झोपिरिऑन शहराला वेढा घालून बसला, तेव्हा ओल्बियानं गुलामांना मुक्त केलं, परक्यांना नागरिक करून घेतलं, कर्जं माफ केली आणि शहर वाचवलं. सावकारांचे चेहरे त्या दिवशी कसे दिसले असतील, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस दिओ क्रिसोस्टोम हा वक्ता तिथे गेला, तोवर डॉल्फिन केव्हाच इतिहासजमा झाले होते आणि गेटाय टोळ्यांनी लुटलेलं ते शहर कसंबसं पुन्हा उभं राहिलं होतं. लोकांची ग्रीक बोली बिघडलेली, पण होमरचं ‘इलियड’ जवळजवळ प्रत्येकाला तोंडपाठ. आदल्या दिवशीच सिथियनांचा छापा पडलेला, वेशी बंद, तटावर युद्धाचं निशाण. आणि ही शस्त्रं लावलेली माणसं झ्यूसच्या देवळापाशी व्याख्यान ऐकायला जमली! दिओनं होमरची थोडी थट्टा केली, तेव्हा मात्र ती नाराज झाली. तुमच्याबद्दल प्रेम आणि आदर आहे म्हणून सोडतो, एरवी कुणाचं खपवून घेतलं नसतं, असं त्यांच्यातल्या एकानं त्याला ऐकवलं. सिथियनांचं काय, ते उद्याही आले असते.